छोट्या हॉलसाठी ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ दिवे: कोणते निवडावेत, कुठे लावावेत?

घर सजवण्याच्या रील्समध्ये दोन दिवे हमखास दिसतात. एक म्हणजे संगमरवरी ठोकळ्यातून कमानीसारखा वर गेलेला स्टीलचा दांडा आणि त्याच्या टोकाला चकचकीत घुमट. दुसरा पांढऱ्या कागदाचा मोठा गोल कंदील. दोन्ही ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ शैलीतले. पण रीलमधला हॉल ऐसपैस असतो. दहा बाय बारा फुटांच्या हॉलमध्ये तोच दिवा आणला, तर तो डोक्याला लागतो किंवा पंख्याच्या आड येतो. म्हणून दिवा कसा दिसतो याच्या आधी तो उजेड कुठे पाडतो, हे पाहायला हवे.

ही शैली नेमकी काय आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतरची साधारण पंचवीस वर्षे हा या शैलीचा काळ. साधे आकार, कमी नक्षीकाम आणि वापराला महत्त्व ही तिची ओळख. नाव मात्र नंतरचे आहे. कारा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे ते रूढ झाले.

गाजलेले दिवे आणि त्यामागचा विचार

पीएच ५ (१९५८): डेन्मार्कच्या पौल हेनिंगसेन यांनी लुई पोल्सेन कंपनीसाठी केलेला लटकता दिवा. एकाखाली एक बसवलेल्या तबकड्यांमुळे आतला बल्ब डोळ्यांना थेट दिसत नाही. उजेड तबकड्यांवर आपटून मऊ होऊन खाली आणि बाजूला पसरतो. व्यास ५० सेंटीमीटर.

अकारी (१९५१ पासून): जपानी-अमेरिकी शिल्पकार इसामू नोगुची यांनी जपानमधल्या गिफू शहरातले पारंपरिक कागदी कंदील पाहून ही मालिका सुरू केली. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद आणि बांबूच्या काड्या. घडी घातली की सपाट होतो.

बबल लॅम्प (१९५० चे दशक): अमेरिकेच्या जॉर्ज नेल्सन यांचा दिवा. तारेच्या सांगाड्यावर प्लास्टिकचा फवारा मारून पातळ पापुद्रा तयार केलेला. त्यातून उजेड सगळीकडे सारखा पसरतो.

आर्को (१९६२): इटलीच्या अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिग्लिओनी या भावांचा कमानीचा दिवा. छताला भोक न पाडता टेबलावर वरून उजेड यावा, ही कल्पना. दांडा सुमारे दोन मीटर पुढे येतो. तोल राहावा म्हणून तळाशी सुमारे ६५ किलोचा संगमरवर आहे आणि तो उचलायला मधून काठी घालता यावी म्हणून भोक ठेवले आहे.

या चौघांत एक गोष्ट सारखी आहे: उघडा बल्ब डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही. छोट्या हॉलमध्ये तर हे जास्तच महत्त्वाचे. तिथे दिवा माणसापासून फार लांब ठेवताच येत नाही.

छोट्या हॉलची अडचण: पंखा

आपल्याकडे हॉलच्या छताचा मधला हुक पंख्यासाठी असतो. घरात सर्रास वापरला जाणारा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे पाते मधोमधपासून ६० सेंटीमीटरपर्यंत पोहोचते. खोली दहा फूट (साधारण ३ मीटर) रुंद असेल, तर पात्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत सुमारे ९० सेंटीमीटर उरतात. लटकता दिवा याच पट्ट्यात बसवायचा आहे.

त्यामुळे ३० ते ४० सेंटीमीटर व्यासाचा दिवा सोयीचा. ५० सेंटीमीटरचा बसतो, पण अडचण होते. दिवा पात्यांच्या पातळीच्या वर राहिला, तर पाती उजेड कापतात आणि भिंतीवर सावल्या लपलपतात. म्हणून तो पात्यांपेक्षा खाली असावा. हलका कागदी कंदील वाऱ्याने झुलतो, तो पंख्यापासून जितका लांब तितका बरा.

उंची किती ठेवावी?

- नव्या इमारतींत छत साधारण नऊ फुटांवर असते. लोक खालून ये-जा करत असतील, तर दिव्याचा खालचा काठ जमिनीपासून निदान सात फुटांवर हवा.
- जेवणाच्या टेबलावर किंवा कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर लटकवायचा असेल, तर टेबलापासून ६० ते ७५ सेंटीमीटर वर पुरे.
- उभ्या लॅम्पच्या शेडचा खालचा काठ सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीला असावा. हे अंतर जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटीमीटर येते. त्याहून वर गेला की बल्ब डोळ्यांत घुसतो.

जमिनीवर जागाच नसेल, तर भिंतीवरचा फिरता दिवा उत्तम. त्याला टेबल लागत नाही, पाय अडकत नाहीत.

एक मोठा की तीन छोटे?

छोट्या खोलीत तीन छोटे चांगले. छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा असला की भिंती सपाट दिसतात आणि कोपरे अंधारे राहतात. सोफ्याशेजारी एक, समोरच्या कोपऱ्यात एक आणि भिंतीवर एक असे दिवे लावले, तर नजर खोलीभर फिरते आणि जागा मोठी वाटते. ट्यूबलाइट काढायची गरज नाही. साफसफाई, पाहुणे, मुलांचा अभ्यास यासाठी ती राहू द्यावी.

बल्ब कोणता?

या दिव्यांना पिवळसर उजेड शोभतो. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन असा आकडा पाहावा. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा बल्ब लावला, की महागडी शेडही दुकानासारखी दिसते. साधारण ९ वॉटचा एलईडी बल्ब ८०० ल्युमेनच्या आसपास, म्हणजे जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड देतो. वाचायच्या जागी तो ठेवावा, बाकी दोन ठिकाणी ५ वॉटचे चालतील. कागदी शेडमध्ये फक्त एलईडीच वापरावा. जुने तापणारे बल्ब तिथे धोक्याचे.

विकत घेण्याआधी तपासा

- होल्डर: आपल्याकडे पिनचा होल्डर जास्त चालतो, या शैलीच्या बऱ्याच दिव्यांना आट्यांचा असतो. बल्ब त्यानुसार घ्यावा.
- पितळ: चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा.
- जुना दिवा: मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी जुने दिवे मिळतात. पण जुन्या वायरचे आवरण कडक होऊन तडकते. घरी लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वायर आणि होल्डर बदलून घ्यावा. धातूच्या दिव्याला अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग बसवून घ्यावा.
- दमट हवा: कोकणपट्टीत पावसाळ्यात कागद सैल पडतो, डाग येतात. तिथे काच, धातू किंवा प्लास्टिकची शेड टिकते.
- वजन: कमानीच्या दिव्याच्या स्वस्त नकलांचा तळ अनेकदा हलका असतो. दांड्याच्या टोकाला हलकेच दाबून दिवा कलंडतो का, ते दुकानातच पाहावे.

बजेट कमी असेल, तर आधी बल्ब बदलावेत आणि शेड असलेला एक उभा लॅम्प घ्यावा. आठवडाभर तो वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून पाहिला, की पुढचा दिवा कुठे हवा ते कळते आणि छताला भोक पाडायचे की नाही हेही ठरते.