दूरस्थ इंग्रजी अध्यापन आणि वर्ध्याचा पूर्वानुभव

भाषा दुरून शिकविता येते काय, हा प्रश्न २०२० साली महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्यावर प्रथमच उपस्थित झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वर्धा जिल्ह्यापुरते तरी हे खरे नाही. दूरस्थ भाषाशिक्षणाचा एक मोठा प्रयोग याच भूमीवर १९३६ पासून चालत आला आहे. तो इंग्रजीचा नव्हता, हिंदीचा होता; परंतु माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या दूरस्थ अध्यापनाचे मूल्यमापन करताना त्याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.

१९३६ साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली. हिंदी ज्यांची मातृभाषा नाही अशा प्रांतांतील लोकांना ती भाषा शिकविणे हे समितीचे कार्य होते. पाठ्यपुस्तके वर्ध्याहून जात. परिचय, कोविद, रत्न इत्यादी परीक्षांची व्यवस्था वर्ध्याहून होई. विद्यार्थ्याने वर्धा पाहिलेही नसे. मात्र वर्धा आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक माणूस उभा असे, तो म्हणजे स्थानिक प्रचारक. पुस्तक त्याच्या हातून उघडले जाई आणि विद्यार्थ्याचे अडखळते वाक्य त्याच्या कानी पडे. अंतर टपालाने तोडले हे खरे, पण शिकविले ते जवळच्या माणसाने.

त्याच नगरात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने सात वर्षांचा जो मूलोद्योगी अभ्यासक्रम आखला, त्यात मातृभाषेस व हिंदुस्थानीस स्थान होते, इंग्रजीस नव्हते. प्रचलित माध्यमिक शाळांनी हा मार्ग स्वीकारला नाही. तेथे इंग्रजी राहिली, आणि २००० पासून तर राज्यात ती पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाऊ लागली. वर्षे वाढली तरी एक गोष्ट बदलली नाही. आर्वी, आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील मुलाच्या कानी सलग इंग्रजी बोलणे पडते ते बहुधा वर्गातच. त्याच्या दृष्टीने शिक्षक हाच त्या भाषेचा समाज होय.

नभोवाणीने हा अभाव भरून निघेल, अशी आशा एके काळी होती. बी.बी.सी.ने १९४३ साली नभोवाणीवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. नभोवाणीने शुद्ध उच्चार खेड्यापर्यंत पोहोचविला, हा तिचा गुण. परंतु ती बोलते, ऐकत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्यानंतर शिक्षकांनी व्हॉट्सॲपवरील गट, ध्वनिचित्रफिती आणि स्वाध्यायांची छायाचित्रे यांच्या साहाय्याने अध्यापन चालविले. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, पण ती पहिली ते आठवीसाठी होती. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून स्थानिक परिस्थितीनुसार उघडण्यास शासनाने मुभा दिली. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द होऊन निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला.

या काळात इंग्रजीचे नेमके काय झाले, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. शब्दार्थ, व्याकरणाचे नियम, पत्रलेखन हे लेखी अंग छायाचित्रातूनही तपासता येते. उच्चाराचे तसे नाही. मराठीत ऱ्हस्व व दीर्घ इकाराच्या उच्चारभेदाने सहसा अर्थभेद होत नाही. म्हणून 'शिप' आणि 'शीप' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मराठी मुलास ऐकूनही उमगत नाही. त्याने चुकीचा उच्चार करावा, कोणीतरी त्यास तत्क्षणी थांबवावे आणि त्याने पुन्हा म्हणावे, या आवर्तनातूनच तो भेद कानात रुजतो. इंग्रजी शब्दातील आघाताचेही असेच आहे. घरात एकच भ्रमणध्वनी, तोही दिवसा वडिलांबरोबर शेतावर, अशा स्थितीत हे आवर्तन घडत नाही. वर्ग थेट भरला तरी अनेक मुले ध्वनिग्राहक बंद ठेवून ऐकत. म्हणजे साधन दुहेरी असूनही त्याचा वापर नभोवाणीसारखा एकेरी झाला.

तात्पर्य, दूरस्थ अध्यापनात इंग्रजी शिकविली गेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे लेखी अंग शिकविले गेले आणि बोली अंग मागे पडले. याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी होते त्यास प्रचारक घरातच लाभला. इतरांस तो लाभला नाही. राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या तुलनेने अपुऱ्या साधनांच्या योजनेत जो दुवा प्रथमपासून गृहीत धरलेला होता, तोच अधिक समर्थ साधनांच्या योजनेत राहून गेला. पुढे कधी असा प्रसंग आला, तर गावोगावी विद्यार्थ्याचे बोलणे ऐकणारा एक माणूस नेमणे हे साधनांच्या खरेदीइतकेच निकडीचे मानावे लागेल. गावातील पदवीधर तरुण हे काम करू शकतील. त्यांना त्यासाठी थोडे उच्चारशास्त्र शिकविण्याची जबाबदारी मात्र विद्यापीठांच्या भाषाविभागांनी स्वीकारली पाहिजे.