टोलेडोच्या नियमाने

तुमच्या कपड्यांना राळ चिकटली आहे. टोलेडो, ओहायो, 4 जुलै 1919. या एका लढतीसाठी पाइनच्या ताज्या फळ्यांचा आखाडा उभारलाय आणि उन्हाच्या काहिलीत त्या फळ्या पाझरताहेत. रिंगमध्ये जगज्जेता जेस विलर्ड उभा आहे, साडेसहा फूट उंच, 111 किलो वजनाचा. समोरचा जॅक डेम्प्सी जेमतेम 85 किलोंचा, त्याच्यापुढे पोरसवदा वाटतो.

घंटा होते. डेम्प्सी थोडा वेळ घिरट्या घालतो, मग वाकून आत शिरतो आणि त्याचा डावा हुक जबड्यावर बसतो. विलर्ड खाली. उठतो, पुन्हा खाली. पहिल्याच फेरीत सात वेळा. पण ठोशांपेक्षा डेम्प्सीचे पाय बघा. विलर्ड पडलेला असताना तो लांब जात नाही, त्याच्या डोक्याशीच घुटमळतो. गुडघा जमिनीवरून सुटला रे सुटला की पुन्हा हाणतो. पंच हटकत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला पाडल्यावर दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहण्याचं बंधन इथे नाही. सातव्यांदा विलर्ड पडतो तेव्हा आपण जिंकलो असं समजून डेम्प्सी रिंगबाहेर पडतो, गर्दीतून वाट काढू लागतो. दहा मोजून होण्याआधीच घंटा झाली होती हे नंतर लक्षात येतं आणि त्याला परत बोलावून आणतात. चौथ्या फेरीसाठी विलर्ड उठतच नाही.

वेगवेगळ्या काळांतल्या हेवीवेटांना ऐन भरात एकमेकांसमोर उभं केलं तर कोण जिंकेल, हा वाद सोडवायला तुम्ही निघाला आहात. हे पाय लक्षात ठेवा.

न्यूयॉर्क, यांकी स्टेडियम, 22 जून 1938. दोन वर्षांपूर्वी माक्स श्मेलिंगने जो लुईला बाराव्या फेरीत लोळवलं होतं. जॅब मारून झाला की लुईचा डावा हात खाली येतो, हे त्याने हेरलं होतं. आज लुई त्याला तेवढी उसंत देत नाही. त्याचे ठोसे इतके आखूड आहेत की हात मागे गेलेला दिसतच नाही. बरगड्यांवरच्या एका तडाख्याने श्मेलिंगच्या तोंडून फुटलेली किंकाळी रिंगजवळ बसलेल्या तुम्हाला स्पष्ट ऐकू येते. 2 मिनिटं 4 सेकंदांत खेळ संपतो. इतकी नेमकी मारहाण हेवीवेटमध्ये पुन्हा झाली नाही, असं माझं ठाम मत आहे.

फिलाडेल्फियात, 1952 च्या सप्टेंबरमध्ये, फार रेंगाळायला नको. तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे पडलेला रॉकी मार्सियानो तेराव्या फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने जर्सी जो वॉलकॉटला दोरांवर लटकवतो. मार्सियानोचं वजन 84 किलोंच्या आसपास. आज 90.7 किलोंपर्यंतचे लोक क्रूझरवेट गटात लढतात. म्हणजे तो आणि डेम्प्सी आज हेवीवेट ठरलेच नसते.

आता ह्यूस्टन, 14 नोव्हेंबर 1966. ॲस्ट्रोडोमच्या छपराखाली पस्तीस हजारांहून जास्त लोक आहेत. चोवीस वर्षांचा मुहम्मद अली मागे सरकता सरकता मारतोय. सगळे मुष्टियोद्धे पुढे पाऊल टाकून ठोशात वजन घालतात, हा मागच्या पावलावरून क्लीव्हलंड विल्यम्सला पाडतो. दुसऱ्या फेरीत तीनदा. तिसऱ्या फेरीत लढत थांबवतात. इतकं देखणं मुष्टियुद्ध मी दुसरं पाहिलेलं नाही. पण विल्यम्सकडेही नीट बघा. 1964 मध्ये एका पोलिसाच्या गोळीने तो मरता मरता वाचला, एक मूत्रपिंड गमावून बसला. अलीचं सर्वोत्तम रूप एका जायबंदी माणसापुढे दिसलं, ही गोष्ट मला आजही खुपते.

पुढच्या एप्रिलमध्ये याच ह्यूस्टनमध्ये अलीने सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि 1970 च्या ऑक्टोबरपर्यंत त्याला लढता आलं नाही. पंचवीस ते अठ्ठावीस या वयातला अली कुठल्याच रिंगमध्ये नाही. कितीही काळ मागे गेलात तरी तो तुम्हाला भेटणार नाही.

1969 मध्ये मायामीत भेटतो तो कॅमेऱ्यापुढचा अली. समोर पंचेचाळिशीचा मार्सियानो आहे, वजन उतरवून, डोक्यावर टोप चढवून. एनसीआर 315 संगणकात आकडे भरून निकाल काढायचा आणि तो पडद्यावर दाखवायचा, असा मरी वोरोनर या निर्मात्याचा घाट. कोणता शेवट दाखवणार हे दोघांनाही माहीत नाही, म्हणून वेगवेगळे शेवट चित्रित होतात. 31 ऑगस्टला मार्सियानो विमान अपघातात गेला. पुढच्या जानेवारीत अमेरिकेच्या चित्रपटगृहांत तो तेराव्या फेरीत जिंकला.

शेवटचा मुक्काम रियाध, मे 2024. सहा फूट नऊ इंचांच्या टायसन फ्युरीला ओलेक्सांद्र उसिक नवव्या फेरीत असा बडवतो की दोर नसते तर फ्युरी आडवा झाला असता. क्रूझरवेटमधून वर आलेला उसिक त्याच्यापेक्षा अर्धा फूट ठेंगणा आहे. लढत उसिकच जिंकतो. आजच्या धिप्पाड गड्यांपुढे जुने टिकले नसते, असं म्हणणाऱ्यांना ही रात्र दाखवा.

म्हणून मी वजनाआधी नियम विचारतो. पंधरा फेऱ्या आणि पाडल्यावर कोपऱ्यात जायची सक्ती असेल तर 1966 चा अली या सगळ्यांना हरवतो. लुईच्या त्या खाली येणाऱ्या डाव्या हाताचं त्याने सोनं केलं असतं. पण जाता जाता वेम्ब्लीला, 18 जून 1963 ला, डोकावून या. हेन्री कूपरच्या डाव्या हुकने चौथ्या फेरीच्या अगदी अखेरीस अली, तेव्हाचा कॅशियस क्ले, दोरांवर आदळून खाली बसलाय. तो उठतो तेव्हा डोळे थाऱ्यावर नाहीत. पण कूपर लांब उभा आहे आणि लगेच घंटा होते. तो हुक टोलेडोत बसला असता, डेम्प्सी डोक्याशी उभा असता, तर मी माझे पैसे डेम्प्सीवर लावले असते.