मुंबईची वाट न बघता मालेगावने स्वतःचा सुपरमॅन उडवला!

सिनेमात काम करायचं म्हटलं की घरातून पळून मुंबई गाठायची, हे आपल्याकडचं ठरलेलं गणित. पण मुंबईपासून सुमारे २८० किलोमीटरवर असलेल्या मालेगावातल्या काही पोरांनी हे गणित उलटं केलं. मुंबई आपल्याला घेत नाही ना, मग सिनेमा इथेच बनवू!

नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव म्हणजे यंत्रमागांचं शहर. आठवडाभर मागावर राबायचं आणि शुक्रवारी सुट्टी मिळाली की सिनेमा बघायचा, ही इथल्या कामगारांची सवय. नासिर शेख यांचं इथं व्हिडिओ पार्लर होतं. दिवसरात्र सिनेमे बघून बघून ते सिनेमा बनवायला शिकले आणि २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' बनवला.

शोलेच का?

कारण साधं होतं. गोष्ट सगळ्यांना पाठ, त्यामुळे प्रेक्षक हमखास येणार. बजेट साधारण ५० हजार रुपये. त्यात ट्रेन कुठून आणणार? मग ट्रेनच्या जागी बस आली. घोडे परवडेनात म्हणून डाकू सायकलवर आले. सिनेमा गावात तुफान चालला.

सुपरमॅनची फजिती

पुढचा डाव मोठा होता. 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये हिरो झाला शफीक शेख, अंगाने काडी पैलवान आणि पोटापाण्यासाठी यंत्रमागावर काम करणारा. या सुपरमॅनच्या चड्डीचा नाडा लोंबकळत असतो आणि गावातल्या धुळीने त्याला दम लागतो.

कॅमेरा फिरवायला ट्रॉली नाही, तर सायकल वापरली. क्रेन नाही, तर बैलगाडी जुंपली. हिरो हवेत उडवायला मागे हिरवं कापड लावलं. मध्येच एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला आणि शूटिंग थांबलं. तो दुरुस्त होतो न होतो तोच हिरोचं लग्न निघालं! गावातल्या बायका पडद्यावर यायला तयार नसायच्या, म्हणून हिरोईन बाहेरगावाहून आणावी लागायची.

ही सगळी धडपड फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली. २००८ चा हा माहितीपट २०१२ मध्ये थिएटरमध्येही लागला.

हसण्यामागचं दुखणं

माहितीपट बघताना हसू येतं, पण लेखक फरोग जाफरी बोलायला लागले की ते थांबतं. मुंबईत लेखक म्हणून नाव व्हावं ही त्यांची आस होती. नासिर यांना मात्र आपल्या गावासाठी सिनेमा करण्यात समाधान होतं. एकाच टोळीत ही दोन स्वप्नं शेजारी शेजारी नांदत होती.

शफीक यांना पुढे कर्करोगाने गाठलं आणि त्यातच त्यांचं निधन झालं. पण मागावरचा हा कामगार मालेगावसाठी कायमचा सुपरमॅन झाला होता.

शेवटी मुंबईच मालेगावच्या दारात आली. रीमा कागती यांनी या पोरांवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' बनवला. वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेला हा सिनेमा २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला. त्यात नासिर साकारला आदर्श गौरवने, शफीक शशांक अरोराने आणि फरोग विनीत कुमार सिंगने.

ज्या पोरांनी बॉलिवूडची नक्कल करून सिनेमे बनवले, त्यांचीच गोष्ट आता बॉलिवूडने पडद्यावर आणली.