मोबाइलवर वजन उतरतं का? थोडा इतिहास

“डॉक्टर, अ‍ॅपचे पैसे भरले, पंधरा दिवस पोळ्या मोजून लिहिल्या, मग राहूनच गेलं.” दवाखान्यात हे मी वरचेवर ऐकतो. सांगणारे ओशाळलेले असतात, जणू निश्चय कमी पडला. पण या कार्यक्रमांचा इतिहास पाहिला, तर दोष बऱ्याचदा दुसरीकडे सापडतो.

सुरुवात संगणकापासून झाली नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नायडेच या गृहिणीचं वजन सुमारे ९७ किलो होतं. आहाराचा तक्ता सरकारी दवाखान्यातून मिळाला होता, पण एकटीने पाळणं जमत नव्हतं. १९६१ मध्ये तिने मैत्रिणींना घरी बोलावलं आणि आठवड्याच्या गप्पा सुरू झाल्या. त्यातून १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ उभी राहिली. तक्ता जुनाच होता. नवीन होतं ते दर आठवड्याला विचारणारं माणूस.

इंटरनेट आल्यावर प्रश्न पडला, की हे काम वेबसाइट करेल का? अमेरिकेतल्या डेबोरा टेट आणि रीना विंग यांनी २००१ मध्ये ९१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही गटांना वेबसाइटवर माहिती मिळाली. एका गटाला त्याशिवाय दर आठवड्याला धडा मिळे, खाण्याची आणि व्यायामाची नोंद पाठवावी लागे आणि तज्ज्ञाचं ईमेलने उत्तर येई. सहा महिन्यांत नुसत्या माहितीवर १.६ किलो, तर उत्तरं मिळणाऱ्यांचं ४.१ किलो वजन उतरलं. २००३ मध्ये त्यांनी मधुमेहाचा धोका असलेल्या ९२ जणांना वर्षभर पाहिलं. उत्तर पुन्हा तेच आलं : २.० विरुद्ध ४.४ किलो.

आपल्याकडे तर साधा एसएमएससुद्धा उपयोगी पडला. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चेन्नईतल्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सल्ला सर्वांनाच दिला होता. एका गटाला शिवाय त्यांच्या तयारीनुसार बेतलेले एसएमएस नियमित जात. दोन वर्षांत त्यांच्यातल्या १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर दुसऱ्या गटातल्या २७ टक्के लोकांना.

यंत्र महाग असलं म्हणजे गुण जास्त, असंही नाही. २०१६ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी ४७१ तरुणांवरचा अभ्यास मांडला. आहार, व्यायाम आणि समुपदेशन दोघांनाही सारखंच होतं. दोन वर्षांनी हालचाल मोजणारा पट्टा बांधणाऱ्यांचं वजन ३.५ किलोने कमी झालं आणि पट्टा नसलेल्यांचं ५.९ किलोने!

म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : माझी नोंद दर आठवड्याला कोण वाचणार आणि मला उत्तर देणार का? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर वही आणि व्हॉट्सअ‍ॅपही पुरेसं आहे. बहिणीला, मित्राला किंवा आहारतज्ज्ञाला रोजची नोंद पाठवा आणि रविवारी सकाळी वजन कळवा. ध्येय माफक ठेवा. ८० किलोच्या माणसाने पाच-साडेपाच किलो उतरवले, तरी मधुमेहाचा धोका बराच कमी होतो.

एक सावधगिरी मात्र हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटा. औषधाचा डोस तोच राहिला, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. अ‍ॅपला ते ठाऊक नसतं.