महिंद्रा युनायटेड : मुंबईतील एका विसर्जित व्यावसायिक फुटबॉल संघातील माणसे

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने क्रिकेट, कुस्ती व कबड्डी या खेळांभोवती फिरत राहिले आहे. मुंबईत ज्याची परंपरा क्रिकेटइतकीच जुनी आहे, त्या फुटबॉलच्या वाट्याला मराठीत फारसे लेखन आलेले नाही. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. तिचे सामने चर्चगेट स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावरील कूपरेज मैदानावर होत. प्रारंभी ही स्पर्धा ब्रिटिश पलटणींची होती. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा प्रथमच एका भारतीय नागरी संघाचे नाव चषकावर कोरले गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही स्पर्धा बंद पडली आणि तिच्यासोबत मुंबईकरांची एक सवयही संपली.

प्रस्तुत निबंधात याच कूपरेजवर वाढलेल्या व २०१० मध्ये विसर्जित झालेल्या महिंद्रा युनायटेड या संघाचा विचार केला आहे. विजेतेपदांची यादी करणे हा त्याचा हेतू नाही. संघ संपल्यावर त्यातील माणसांचे काय झाले, या प्रश्नातूनच संघाचे खरे मोल कळते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कारखान्याचा संघ

महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ मध्ये स्थापन झाला. त्या काळी मुंबईचा फुटबॉल हा कार्यालयांचा व कारखान्यांचा फुटबॉल होता. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, पश्चिम व मध्य रेल्वे, आरसीएफ, बँका अशा आस्थापनांचे संघ एकमेकांशी भिडत. खेळाडूला नोकरी मिळे, सकाळी सराव व दुपारी कामावर हजेरी असे त्याचे दिवस जात आणि खेळ सुटला तरी नोकरी सुटत नसे. आज ही व्यवस्था हौशी म्हणून हिणवली जाते. गिरणी-कारखान्यांच्या शहरात एका फुटबॉलपटूचे घर म्हातारपणापर्यंत चालवण्याची तिची क्षमता मात्र हिणवण्यासारखी नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र पालटले. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, करार आले, परदेशी खेळाडू आले. १९९८ चा ड्युरँड चषक जिंकलेल्या या संघाने पुढे ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव धारण केले आणि तो कंपनीच्या चमूऐवजी क्लब म्हणून ओळखला जाऊ लागला. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन चषक असे यश येत गेले.

२००५-०६ चा हंगाम

या संघाच्या इतिहासातील सर्वोच्च बिंदू म्हणजे २००५-०६ चा हंगाम. फेडरेशन चषक व राष्ट्रीय लीग ही दोन्ही अजिंक्यपदे संघाने एकाच हंगामात मिळवली. राष्ट्रीय लीगच्या एकूण अकरा हंगामांत कोलकाता व गोवा यांच्या बाहेरचे विजेते दोनच : पहिल्या वर्षीचा पंजाबातील जेसीटी आणि हा मुंबईचा महिंद्रा. एवढी एक नोंद पुरेशी बोलकी आहे.

प्रशिक्षक होते डेरिक परेरा. मूळ गोव्याचे, भारतीय संघाचे व साळगावकरचे माजी बचावपटू. परदेशी प्रशिक्षकांचे आकर्षण वाढत असताना एका देशी प्रशिक्षकाने हे यश मिळवले, ही गोष्ट तत्कालीन वृत्तपत्रांतील गोलांच्या वर्णनात काहीशी हरवली. त्यांच्याआधी संघाची सूत्रे इंग्लंडचे डेव्हिड बूथ यांच्याकडे होती. बार्न्सली व ग्रिम्सबी टाऊन या इंग्लिश क्लबांकडून खेळलेले आणि ग्रिम्सबीचे व्यवस्थापकपदही भूषवलेले बूथ मुंबईत इतके रमले, की पुढे मुंबई एफसी या नव्या क्लबची घडीही त्यांनीच बसवली.

मैदानावर आघाडीला घानाचा युसूफ याकुबू आणि ब्राझीलचा होसे रामिरेझ बारेटो होते. याकुबूने त्यापूर्वी चर्चिल ब्रदर्सकडून लीगमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान मिळवला होता. बारेटो म्हणजे मोहन बागानच्या चाहत्यांचे दैवत. मुंबईत तो अल्पकाळच राहिला व २००६ मध्ये कोलकात्याला परतला. निवृत्तीनंतर मात्र तो नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशनच्या फुटबॉल अकादमीत मुलांना घडवण्याच्या कामाला लागला. उजव्या बगलेवरून धावणारा स्टीव्हन डायस हा अस्सल मुंबईकर. कानपूरचा अभिषेक यादव उंच व दणकट आघाडीवीर. २००२ मध्ये व्हिएतनाममधील एलजी चषकाच्या अंतिम सामन्यातील निर्णायक गोल त्याचाच. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातून आलेला एन. पी. प्रदीप मधल्या फळीत खेळे. २००७ च्या नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्धचा एकमेव गोल प्रदीपने केला आणि भारताने ती स्पर्धा प्रथमच जिंकली. त्या भारतीय संघात डायसही होता.

२००७ मध्येच महिंद्रा संघ एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. आशियाई पातळीवर मुंबईच्या क्लबला तोवर असे स्थान मिळालेले नव्हते. याच सुमारास जपानी आई व भारतीय वडील असलेला अराता इझुमी संघात आला. पुढे २०१२ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले व तो भारताकडून खेळला.

विसर्जन

२००८ मध्ये संघाने ड्युरँड चषक व आयएफए शील्ड जिंकले. पडत्या काळाची काही चिन्हे दिसत नसताना, २००९-१० चा हंगाम संपताच संघ बंद करण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. यापुढे शालेय व कुमार फुटबॉलला साहाय्य करू, अशी भूमिका मांडण्यात आली. त्या अखेरच्या हंगामात केरळच्या मोहम्मद रफीने आय-लीगमध्ये १४ गोल केले होते. भारतीय खेळाडूंत ते सर्वाधिक होते. संघ हरत होता म्हणून मिटला, असे म्हणण्यास जागा नाही. पुढच्याच वर्षी जेसीटीनेही गाशा गुंडाळला. राष्ट्रीय लीगचे कोलकाता-गोव्याबाहेरचे दोन्ही विजेते अशा रीतीने वर्षभराच्या अंतराने नाहीसे झाले.

कारणांची चर्चा बहुधा प्रेक्षकसंख्या, दूरचित्रवाणी व खर्च या शब्दांत केली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. नोकरीची हमी असलेला जुना संघ बंद झाला असता, तरी खेळाडू कंपनीत राहिला असता. करारावरचा खेळाडू मात्र संघासोबतच रस्त्यावर येतो. व्यावसायिकतेने खेळाडूला चांगला मोबदला दिला आणि त्याच हाताने त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली.

त्यानंतरची माणसे

डेरिक परेरा यांनी २००९ मध्येच पुणे एफसीची धुरा स्वीकारली होती व इझुमीही तेथे गेला. २०१२-१३ मध्ये पुणे संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. भारताचे माजी गोलरक्षक हेन्री मेनेझिस महिंद्राच्या व्यवस्थापनातून मुंबई एफसीत आणि नंतर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या प्रशासनात गेले. अभिषेक यादव अखिल भारतीय फुटबॉल महासंघात प्रतिभाशोध व राष्ट्रीय संघाच्या कामात स्थिरावला. रफीने २०१६ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्ससाठी गोल केला.

यांत सर्वांत दूरचा पल्ला खालिद जमील यांनी गाठला. कुवेतमध्ये जन्मलेला हा मधल्या फळीचा खेळाडू दुखापतींमुळे महिंद्राच्या वैभवाच्या काळात बराचसा मैदानाबाहेरच राहिला. २००९ मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. तुटपुंज्या साधनांनिशी सात वर्षे त्यांनी तो संघ वरच्या श्रेणीत टिकवला. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले; त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला व नंतर बंद पडला. जमशेदपूर संघात स्टीव्हन डायस त्यांचा साहाय्यक होता. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

किनाऱ्यावरून पाहताना

डहाणू रोड ते चर्चगेट हा लोहमार्ग जुनाच आहे. २०१३ पासून तर उपनगरी गाडीही डहाणूपर्यंत येते. महिंद्राचा कांदिवलीचा कारखाना याच मार्गावर, कूपरेज त्याच्या शेवटच्या टोकाला. तरीही या निबंधात आलेल्या नावांत गोवा, केरळ, कानपूर, घाना, ब्राझील आहे. डहाणू-तलासरीचा एकही मुलगा नाही. येथील आदिवासी पाड्यांवरच्या मुलांच्या पायांत वेग नाही, असे कोणताही क्रीडाशिक्षक म्हणणार नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत मुंबईच्या संघांची निवडीची नजर विरारच्या पलीकडे क्वचितच गेली आणि आमच्या महाविद्यालयांनीही ती इकडे वळावी म्हणून फारसे काही केले नाही, हे येथेच नोंदवले पाहिजे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये अस्तित्वात आला, तेव्हा ज्याच्या दारात जाऊन आपल्या मुलांसाठी चाचणी मागावी, असा तो संघ उरलेला नव्हता.