टोळ, डांस आणि पांखरें: सायप्रस बेटावरील मोजदादीचा इतिहास

इ. स. १५५३ मध्यें जेरुसलेमच्या यात्रेस निघालेला जॉन लॉक नांवाचा एक इंग्रज वाटेंत सायप्रस बेटावर उतरला. सुप्रसिद्ध तत्त्ववेत्ता लॉक तो हा नव्हे. तो पुढल्या शतकांतला. या यात्रेकरूनें आपल्या प्रवासवृत्तांत एका लहानशा व अत्यंत लठ्ठ पांखराची नोंद करून ठेविली आहे. हीं पांखरें बेटावरील लोक पुष्कळ धरतात, मीठ व शिरका घालून मुरवितात आणि बरण्या भरून व्हेनिस वगैरे शहरीं मोठ्या लोकांस भेटीदाखल पाठवितात. अशा जवळजवळ १,२०० बरण्या एकट्या व्हेनिसला जातात, आणि बेटावर खपतात त्या निराळ्याच, असें त्याला सांगण्यांत आलें. सायप्रसच्या पांखरांविषयीं जुन्या वाङ्मयांत जे थोडे आंकडे सांपडतात त्यांत हा एक होय; पण तो पांखरांचा नसून बरण्यांचा आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कोणत्याहि मोजदादीचा इतिहास पाहूं जातां तीन प्रश्न विचारावे लागतात: मोजलें कोणीं, मोजलें कशासाठीं, आणि मोजणें थांबलें केव्हां? भूमध्यसमुद्रांतील या एका बेटानें या तिन्ही प्रश्नांचीं जीं उत्तरें दिलीं आहेत, त्यांचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

सायप्रसचें क्षेत्रफळ सुमारें ९,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडें कमीच. उत्तरेस पेंटाडाक्टिलोसची अरुंद डोंगररांग, नैर्ऋत्येस ट्रुडोसचा पर्वत, आणि दोहोंच्यामध्यें गहूं व जव पिकविणारें मेसाओरियाचें सपाट मैदान, अशी त्याची रचना आहे. युरोप व आफ्रिका यांमध्यें दरसाल येजा करणाऱ्या पांखरांना हें बेट म्हणजे समुद्रांतली धर्मशाळाच होय. पांखरें या धर्मशाळेंत येतात आणि जातात. मेसाओरियांतील टोळ मात्र कुळकर्ण्याच्या दप्तरांत नांव नसलेला, पण पिकाचा पहिला वांटा उचलणारा, असा पिढीजाद वतनदार होऊन बसला होता.

बेटाचा मध्ययुगीन बखरकार लिओंटिओस माखैरास यानें १३५१ सालच्या टोळधाडीचा उल्लेख केला आहे. त्या काळीं टोळांवर उपाय म्हणजे संतांच्या तसबिरी व अवशेष मिरवीत नेणें हाच. सायप्रस व सीरिया या बाजूच्या जुन्या प्रवासवर्णनांत आणखी एक चमत्कारिक समजूत आढळते. इराणच्या बाजूस एक झरा असून त्याचें पाणी जमिनीला न टेकवितां आणलें, तर त्यामागून टोळ खाणारीं पांखरें थव्याथव्यांनीं येतात, अशी ती समजूत. झरा कल्पनेंतला असला तरी टोळखाऊ पांखरूं खरें आहे. गुलाबी अंगाची व काळ्या डोक्याची ही मैना आपल्याकडे भोरडी म्हणून सर्वांस ठाऊक आहे. आपला शेतकरी हिंवाळ्यांत जोंधळ्याच्या कणसांवरून गोफणीनें जिला हांकलतो, तीच उन्हाळ्यांत पश्चिम व मध्य आशियांत टोळांवर आपलीं पिलें पोसते. एका मुलुखांत चोर व दुसऱ्यांत चौकीदार अशी तिची दुहेरी कीर्ति आहे; यावरून पांखरांचा हिशेब एका शेताच्या बांधावर बसून करतां येत नाहीं, एवढें तरी निश्चित दिसतें.

व्हेनिसच्या अमलांत शेतकऱ्यांनीं टोळांचीं अंडीं खणून सरकारांत आणून द्यावीं असा दंडक पडला. १५७१ त बेट तुर्कांकडे गेलें, तरी टोळ होते तेथेंच राहिले. खरा उपाय निघाला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि तो काढला रिचर्ड मात्तेई नांवाच्या तेथील एका इटालियन जमीनदारानें. पंख फुटण्यापूर्वीं टोळांचीं पिलें झुंडीनें एकाच दिशेनें चालत जातात, आणि गुळगुळीत पृष्ठावर त्यांचे पाय ठरत नाहींत, हें त्यानें बारकाईनें पाहिलें होतें. त्यांच्या वाटेवर कापडाचा लांबच लांब पडदा उभा करावयाचा, त्याच्या वरच्या कांठाला मेणकापडाची पट्टी शिवावयाची, आणि पडद्यालगत ठिकठिकाणीं खड्डे खणून त्यांच्या तोंडाला जस्ताच्या पत्र्याची कड बसवावयाची, एवढीच ती युक्ति. पिलें कापडावर चढतात, मेणकापडावरून घसरतात, पडद्याच्या कडेनें बाजूला सरकतात आणि खड्ड्यांत पडतात. १८६८ नंतरच्या दोनतीन वर्षांत सैद पाशा या तुर्की अधिकाऱ्यानें अंडीं गोळा करण्याची सक्ति व मात्तेईचे पडदे या दोहोंचा असा नेटानें उपयोग केला कीं, १८७० च्या सुमारास टोळ जवळजवळ नाहींसे झाले.

येथें तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. टोळ दिसेनासे झाले तसें त्यांना शोधणेंहि बंद पडलें. उरलेसुरले टोळ पडीक माळावर अंडीं घालीत राहिले, आणि १८७८ सालीं इंग्रज बेटाचा कारभार हातीं घेण्यास आले तेव्हां टोळ पुन्हां पूर्ववत् माजूं लागले होते. शत्रु हरला म्हणून पहारा उठवावा, आणि त्याच वाटेनें शत्रूनें परत यावें, हा प्रकार आपल्या गडकोटांच्या इतिहासांतहि अपरिचित नाहीं.

इंग्रजांनीं आल्याबरोबर टोळयुद्धाचे वार्षिक हिशेब ठेवण्यास आरंभ केला. १८८१ सालीं ऑक्टोबरअखेर १६० कोटी अंडकोश नष्ट करण्यांत आले. हंगाम संपेपर्यंत गोळा केलेल्या अंड्यांचें वजन १,३०० टनांवर गेलें. आणि इतकें होऊनहि १८८३ सालीं बेटावर ५०७ कोटी ६० लक्ष अंडकोश घातले गेले असावेत, असा अंदाज प्रसिद्ध झाला. एकेका कोशांत सरासरी ३० अंडीं धरलीं तरी ही संख्या पंधरा हजार कोटींच्या वर जाते. हे आंकडे वाचून छाती दडपते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें ती दडपूं न देतां ते थोडे हालवून पाहिले पाहिजेत. टोळाची मादी आपला कोश मातीचे कण व फेंस यांचाच बनविते. तेव्हां तेराशें टनांत अंडीं किती व सायप्रसची माती किती, हा प्रश्न उरतोच. कोश वजनावर विकत घेतले जात असतां विकणाऱ्यास माती झटकण्याची घाई असण्याचें कारण नव्हतें! तसेंच ५०७ कोटी कोश कोणीं एकेक करून मोजले नसणार हें उघड आहे. लहान मापाला मोठ्या क्षेत्रानें गुणूनच असा आंकडा निघतो, आणि शेवटच्या साठ लक्षांनीं त्याला जो काटेकोरपणा येतो तो दिखाऊ होय. मात्र एवढ्यावरून हे हिशेब टाकाऊ ठरत नाहींत. तेराशें टन खणूनहि टोळ हटत नाहीं, हें त्यांनींच प्रथम दाखविलें. त्यावरून केवळ अंडीं विकत घेण्यावर भिस्त ठेवणें चुकीचें ठरलें, आणि सॅम्युएल ब्राउन या सरकारी एंजिनियराच्या देखरेखीखालीं मात्तेईचे पडदे पुन्हां मैदानांत उतरले. १८८३-८४ च्या मोहिमांनीं टोळांची कंबर मोडली. हिशेब अपुरा असला तरी प्रामाणिकपणें पुढें चालविला, तर तो आपल्याच धन्याचें धोरण चुकीचें ठरवूं शकतो; त्याची खरी किंमत हीच.

टोळ मुळांत माजतो कां, हें पुढें विसाव्या शतकांत कळलें. बोरिस उव्हारोव्ह या कीटकशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, मोरोक्की टोळ म्हणून ओळखली जाणारी ही जात अंडीं घालण्यासाठीं उघडी, गुरांनीं चरून झिजविलेली जमीन पसंत करते. रानें तोडून व शेळ्यामेंढ्या चारून मनुष्य ती जमीन स्वतःच्या हातांनीं तयार करून देतो. ज्याला सायप्रसचे लोक शतकानुशतकें दैवी कोप समजून तसबिरी मिरवीत होते, त्या कोपांत मनुष्याचा वांटा थोडाथोडका नव्हता.

दुसरी मोजदाद डांसांची. रोनाल्ड रॉस यानें १८९७ सालीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु शोधून काढले, हें सर्वश्रुतच आहे. हाच रॉस १९१३ सालीं सायप्रसला गेला होता. त्या वेळीं त्याच्या सहवासांत आलेला मेहमेत अझीझ हा तुर्की सायप्रसवासी आरोग्याधिकारी पुढें १९४६ ते १९४९ या काळांत हिंवतापाच्या निर्मूलनाच्या मोहिमेचा सूत्रधार झाला. त्यानें सबंध बेटाच्या चौकटी पाडल्या. एकेक चौकट एकेका मनुष्याकडे दिली. आणि विहिरी, डबकीं, पाणथळी, फार काय गुरांच्या खुरांनीं पडलेल्या खळग्यांतलें पाणीसुद्धां तपासावयास लावलें. औषध फवारून झालें कीं त्याच जागीं परत जाऊन अळी दिसते कीं नाहीं तें पाहावयाचें, आणि ती न दिसली तरी पुन्हां जावयाचें. सैद पाशाच्या मोहिमेंत जें राहून गेलें तें अझीझनें केलें. तापानें फणफणणारीं गांवें मोकळीं झालीं, आणि १९५० च्या सुमारास सायप्रस हिंवतापमुक्त म्हणून गणलें गेलें.

या यशाला उणेपणा आणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं; ज्या घरांतलीं लेंकरें वांचलीं त्या घरांनीं अझीझला दुवा दिला तो रास्तच होता. तथापि मोहिमेचें माप अळी हें एकच होतें, आणि तिचें शस्त्र डी. डी. टी. हें होतें. किडे मारणारें हें द्रव्य किड्यांमधून पांखरांच्या शरीरांत सांचत जातें, ही गोष्ट जगाच्या ध्यानांत भरली ती १९६२ सालीं रॅचेल कार्सन बाईंचें पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर. कीटक आणि पांखरें हीं एकाच खातेवहीचीं दोन पानें आहेत. परंतु माणसानें तीं वेगवेगळ्या कारकुनांकडे सोंपविलीं होतीं.

पांखरांचें पान कसें लिहिलें गेलें तेंहि पाहूं. त्यांची शास्त्रीय यादी पद्धतशीरपणें करणाऱ्यांत जॉन बकनिल याचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. सायप्रसमध्यें सरकारी वकील असतां त्यानें १९०९ सालीं ‘आयबिस’ या इंग्रजी नियतकालिकांत बेटावरील पक्ष्यांविषयीं विस्तृत निबंध लिहिण्यास आरंभ केला. हाच गृहस्थ पुढें पाटण्याच्या हायकोर्टांत न्यायाधीश होता. यादी झाली, पण बरण्या थांबल्या नाहींत. काळ्या टोपीचा वटवट्या व त्याचे जातभाई ‘आंबेलोपूलिया’ या नांवानें बेटावरील जेवणांत मानाचे पदार्थ होऊन राहिले. त्यांना धरण्यासाठीं जो चिकटा वापरतात तो आपल्या भोंकराच्याच जातीच्या फळाचा. आपण ज्याचें लोणचें घालतों, त्याच्या चिकट्यानें तेथें काठ्या माखतात आणि त्या झुडपांत खोंवून ठेवितात. गरीब कुणब्याचें हिंवाळ्यापूर्वींचें कालवण म्हणून ही चाल एके काळीं समजण्यासारखी होती. पुढें अत्यंत बारीक जाळीं आलीं, पांखरांचे मुद्रित आवाज लावून थवे रात्रीं उतरविण्याची युक्ति आली, आणि कालवणाचा धंदा झाला. १९७४ सालच्या कायद्यानें जाळीं व चिकट्याच्या काठ्या निषिद्ध ठरल्या; २००४ त सायप्रस युरोपीय संघांत गेल्यावर युरोपचेहि निर्बंध लागू झाले. तरी ताटांतलीं पांखरें हटलीं नाहींत.

२००२ पासून तेथील पक्षिमित्रांनीं, म्हणजे आजच्या बर्डलाइफ सायप्रस या संस्थेनें व तिच्या पूर्वीच्या मंडळीनें, दर शरदांत एक पद्धतशीर पाहणी चालविली आहे. एक चौरस किलोमीटरच्या निवडक चौकटी घ्यावयाच्या, त्याच त्या चौकटींत दरसाल हिंडावयाचें, आणि जाळीं व त्यांच्या खुणा शोधून त्यांची लांबी मोजावयाची. तिच्यावरून मेलेल्या पांखरांचा अंदाज काढतात. लॉकनें बरण्या मोजल्या, हे जाळीं मोजतात. अदृश्य वस्तु तिच्या भांड्यावरूनच मोजावी लागते. डेकेलिया येथील इंग्रजी लष्करी तळाच्या हद्दींत पांखरें मोहविण्याकरितां चोरट्यांनीं परदेशी बाभळींच्या राया लावून त्यांना नळानें पाणी दिलें होतें. २०१६ सालच्या शरदांत एकट्या त्या हद्दींत आठ लक्षांहून अधिक पांखरें मारलीं गेलीं, असा अंदाज प्रसिद्ध झाला. त्याचा गवगवा झाला, पहारा वाढला, आणि पुढच्याच सालीं तो अंदाज सुमारें २,६०,००० वर आला. केवळ एक आंकडा चवाठ्यावर मांडल्यानें काय होऊं शकतें, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

परंतु सैद पाशाची गोष्ट आठवणाऱ्यास पुढली हकीकत वाचून स्वस्थ बसवणार नाहीं. २०२० च्या डिसेंबरांत सायप्रसच्या विधिमंडळानें वटवट्या धरून चौदा जातींचीं पन्नासपर्यंत पांखरें मारल्याबद्दलचा दंड २,००० युरोंवरून २०० युरोंवर आणला. संख्या उतरूं लागली, तशी सक्तीहि उतरली. मेसाओरियाच्या माळावर १८७० नंतर जें घडलें, त्याचीच ही पुनरावृत्ति. फरक इतकाच कीं तेव्हां सैल सोडल्यानें टोळ वाढले, आतां सैल सोडल्यानें पांखरें कमी व्हावयाचीं.

तथापि एक आशेची गोष्ट आहे. टोळ आणि डांस यांच्या मागें सरकार होतें, खजिना होता, आणि जिंकण्याची ठराविक मुदत होती. पांखरांच्या पाहणीमागें पक्षिमित्रांची संस्था आहे, आणि तिला मुदत नाहीं. ज्या वर्षीं आंकडा आपल्या म्हणण्यास अनुकूल असेल त्या वर्षीं तो मांडावा, आणि प्रतिकूल असेल त्या वर्षींहि तितक्याच स्पष्टपणें मांडावा, एवढेंच व्रत या मंडळीनें पाळावयाचें आहे. तें दिसावयास लहान आहे. पण सातशें वर्षांच्या या इतिहासांत राज्यांना तें क्वचितच साधलें.