भीतीचा गंध

१९३८ साली म्युनिकचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी एक चमत्कारिक निरीक्षण नोंदविले. मिनो जातीचा एक जखमी मासा थव्यात परत सोडताच सारा थवा बिथरला, दूर पळाला. शिकारी तर आसपास नव्हताच! मग भ्यायचे कोणाला?

उत्तर कातडीत होते. कातडी फाटली की तीतून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याचा गंध येताच इतर मासे सावध होतात. फ्रिश यांनी त्यास नाव दिले ‘श्रेकश्टोफ’, म्हणजे भयद्रव्य. अखंड कातडीतून ते पाझरत नाही. म्हणजे इशारा देणारा मासा बहुधा स्वतः शिकाऱ्याच्या जबड्यात असतो.

१९४१ मध्ये या द्रव्यावरील सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नाझी राजवटीने आजीच्या ज्यू वंशामुळे फ्रिश यांना ‘मिश्रवंशीय’ ठरवून विद्यापीठातून काढण्याचे फर्मान धाडले. त्यांना तारले ते मधमाश्यांनी. नोसेमा रोगाने जर्मनीतील पोळी ओस पडत होती, युद्धकाळात अन्नाची चिंता होती आणि त्यावर संशोधन करण्यासाठी हाच माणूस हवा होता. बडतर्फी युद्धसमाप्तीपर्यंत पुढे ढकलली गेली. तोवर ती राजवटच उरली नव्हती.

१९७३ च्या नोबेलमुळे मधमाश्यांचे नृत्य जगाला ठाऊक झाले. मिनो मात्र तळटीपेतच राहिला.